अक्काची पाठ

इंदिरानगर, नाशिक
१२ ऑगस्ट २००२

चि. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. पुढचं वाचताना आधी आशीर्वाद दिलेत हे लक्षात ठेव.

काल तुझा भाऊ मनोज येऊन सांगून गेला की तू अमेरिकेत नर्स होणार आहेस. 'पंधरा महिन्यांत, मावशी!' हे त्याने अशा थाटात सांगितलं की मला वाटलं कुणी बिल्डर फ्लॅटचा ताबा देतोय. फोन मी मुद्दामच करत नाही. फोनवर तू 'हो मावशी' म्हणतेस आणि तुला हवं तेच करतेस. ईमेल मला येत नाही आणि शिकायचंही नाही. तेव्हा वाच.

दहा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसलीस, कंपनीने काढून टाकलं, आणि आता तुला रोग्यांची सेवा आठवली. नर्सिंग ही काय धर्मशाळा आहे, दुसरीकडे जागा मिळाली नाही की इथे पथारी पसरायची? मी साडेतीन वर्षं शिकले. पहिलं वर्षभर इंजेक्शनला हात लावू दिला नाही. खाटा आवरल्या, भांडी घासली, पाठी पुसल्या. तुझ्या आजोबांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. 'कॉन्व्हेंटात घातली ती लोकांचं मलमूत्र उपसायला?' हे त्यांचे शब्द. आणि अक्काने, म्हणजे तुझ्या आईने, सासरी सांगून ठेवलं होतं की माझी धाकटी बहीण दवाखान्यात 'ऑफिसात' असते. एवढं सोसून मी सिस्टर ट्यूटर झाले, शेकडो मुली घडवल्या, आणि तू पंधरा महिन्यांत माझ्या पंगतीला येऊन बसणार!

इथेही हाच बाजार भरलाय. गंगापूर रोडला एका जिमच्या वर पाटी लागली आहे: 'सहा महिन्यांत नर्स व्हा! पूर्वी काहीही करत असाल तरी चालेल.' काहीही! मी रिक्षा थांबवून ती पाटी दोनदा वाचली. खिसे कापत असाल तरी चालेल का, एवढंच लिहायचं राहिलंय.

लकव्याने गेलेली तुझ्या आईची उजवी बाजू अजून तशीच आहे. दवाखान्यातून घरी आणल्यावर मनोजने दिवसभरासाठी एक नर्स ठेवली आहे, ती त्याच पाटीवाल्यांकडून. शिवाय वरकामाला आया. माझा गुडघा सुजला आहे, तो उतरला की जाऊन बघते.

आणि तुझी ती नखं. मनोजच्या लग्नात पाहिली होती. बोटांच्या पुढे एवढी, वर रंग. तसल्या नखांनी तू कुणाचं अंग पुसणार आहेस?

तुझी
मोहिनीमावशी


डेटन, ओहायो
८ सप्टेंबर २००२

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. आशीर्वाद लक्षात ठेवूनच वाचलं, तरी दोनदा पाणी प्यावं लागलं.

मावशी, हा पाटीवाल्यांचा कोर्स नाही. इथे ज्यांच्याकडे आधीची पदवी आहे त्यांनाच घेतात. शरीरशास्त्र, रसायन वगैरे मी गेलं वर्षभर संध्याकाळच्या कॉलेजात करून मग आत आले. आता पंधरा महिने सुट्टी नाही. वॉर्डातले दोन दिवस चुकले की नाव कापतात, पुन्हा घेत नाहीत. माझ्या वर्गात बँकेतला एक पन्नाशीचा माणूस आहे, शाळेत गाणं शिकवणारी एक बाई आहे, आणि इतिहास शिकून ट्रक चालवणारा एक धिप्पाड गडी आहे. तो सगळ्यांत हळुवार हाताचा.

पहिल्या आठवड्यात आमच्या बाईंनी आम्हाला एकेक करून खाटेवर उताणं निजवलं. खाली ओलसर चादर. दोन तास हलायचं नाही, बोलायचं नाही, नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. जोडीदाराने चमच्याने गार खीर भरवायची. मी अर्ध्या तासात रडायला लागले. पाठीखालची सुरकुती सुरीसारखी लागत होती. आणि सारखी आई डोळ्यांपुढे.

म्हणून एक मागणं आहे. गुडघा उतरायची वाट बघू नकोस, रिक्षाने जा आणि आईला बघ. मनोज म्हणतो, 'ट्रेंड नर्स आहे, एकदम ए-वन.' मनोजला त्याचा टेबलफॅनसुद्धा ए-वन वाटतो.

नखं कापली आहेत. जवळजवळ.

तुझी
स्नेहल


इंदिरानगर, नाशिक
२ ऑक्टोबर २००२

चि. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. ओल्या चादरीत निजवणं हे शिक्षण नव्हे, नाटक आहे. रोग्याचं दुखणं कळायला रोग्याच्या जागी झोपावं लागत असेल, तर बाळंतपणं करणाऱ्या पुरुष डॉक्टरांनी काय करायचं?

असो. अक्काला पाहून आले, आणि आठ दिवस झाले तरी माझा संताप उतरलेला नाही.

दार उघडलं ते पांढऱ्या झग्यातल्या एका बाईने. डोक्यावर टोपी, छातीवर उलटं घड्याळ. टोपी बघून मी क्षणभर हरखले. मग नखं दिसली. लालभडक. नाव छाया, तिशी ओलांडलेली, माहेर घोटीकडचं. याआधी मेन रोडला साडीच्या दुकानात होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडला म्हणून हा कोर्स केला. म्हणजे तुझ्यासारखीच.

आत अक्का उताणी. गळ्यापर्यंत चादर, वर सगळं छान, भांग पाडलेला, कपाळाला कुंकू. खोलीत पावडरीचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा वास, जो मला चाळीस पावलांवरून कळतो.

'या कधीपासून उताण्या आहेत?' मी विचारलं.

'कधीपासून म्हणजे? पेशंट तसंच असतं ना मॅडम.'

'कुशीवर कधी केलंस?'

'ते मावशींचं काम.' मावशी म्हणजे आया, लंकाबाई. 'भांडं देणं, कपडे बदलणं, उचलाउचल, त्यात शिष्टरनं हात घालायचा नाय, असं सरांनी शिकवलंय. मग टोपीला काय किंमत राहील?'

स्वयंपाकघरातून लंकाबाई ओरडली, 'ओ बाई, मी भांडं देते न् नेते! पेशंटला हलवायचं शिष्टरचं. उद्या काय मोडलं-बिडलं तर माझ्या बोकांडी बसंल!'

'मग हलवतं कोण?'

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच, त्यांना तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. दोन महिने तुझी आई त्या दोघींच्या मधे उताणी पडून आहे. सूनबाईंना वाटतं ट्रेंड माणूस आहे, आपण कशाला मधे पडा. मनोज दारातून 'काय आई, बरं ना?' विचारतो आणि ऑफिसला जातो.

मी पदर खोचला आणि अक्काला कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढी लाली. अक्काची जीभ अजून जड आहे. 'नको,' म्हणाली. 'घाण.' मी म्हटलं, अक्का, घाणीतच माझा जन्म गेला. ती भिंतीकडे बघून रडली. एके काळी तिला माझी लाज वाटायची, आता स्वतःची वाटते.

काळजी करू नकोस. स्पिरिट आणि पावडर लावून त्या लालीवर मी स्वतः खसाखसा चोळून दिलं, रक्त खेळतं झालं पाहिजे. येताना दुकानातून रबरी एअर रिंग आणली, फुगवून तिच्या कमरेखाली दिली, म्हणजे दुखऱ्या जागेला गादी लागत नाही. आता रोज हेच करायचं, असं छायाला बजावून आले.

तिथून तडक त्या पाटीवाल्यांकडे गेले. मालकाचं नाव ललित, गुळगुळीत माणूस.

'मॅडम! तुमच्यासारख्या सीनियर लोकांचं ब्लेसिंग पाहिजे. ब्रोशरवर तुमचा फोटो आला ना, लेव्हलच बदलून जाईल.'

'आधी काय करत होतास?'

'कॉम्प्युटर क्लास होता मॅडम. त्याच्या आधी बँजो पार्टी.'

'आणि शिकवतोस कशावर ते दाखव.'

एक खाट होती. खाटेवर रोगी म्हणून कापडदुकानातली प्लॅस्टिकची बाई. एक हात कमरेवर, दुसरा पुढे केलेला, तोंडावर हसू. तिलाच सलाइन लावलेलं.

'हिला कुशीवर कसं करता?'

'नाही होत मॅडम, तो हात आडवा येतो.'

'मग मुलींना ते येणार कसं?'

'ते जॉबवर गेल्यावर ऑटोमॅटिक येतं.'

स्नेहल, मला पुवाची किळस नाही, ओकारीची नाही, कशाचीच नाही. पण त्या हसणाऱ्या बाईपुढे मला मळमळलं. मी जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिले.

तुझी
मोहिनीमावशी


डेटन
२० ऑक्टोबर २००२

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तू गेलीस, बघितलंस, किती हायसं वाटलं म्हणून सांगू. मनोजला फोन केला, तो नुसता 'अगं पण मला काय माहीत' करत होता.

मावशी, आता जे लिहिते त्यावर चिडू नकोस. तीन वेळा लिहून फाडलं.

लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, असं आता शिकवतात. त्या लालीच्या खाली मांस आधीच चेचलेलं असतं, चोळल्याने ते आणखी तुटतं. आणि रिंग अजिबात वापरायची नाही. रिंगेची कड भोवतीचं रक्त अडवते आणि मधला भाग उपाशी राहतो. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, तेही नको. फक्त दर दोन तासांनी कूस, पाठीशी उशी, टाचा अधांतरी. मी बाईंना पुन्हा विचारून खात्री केली.

रिंग काढशील ना?

तुझी
स्नेहल


इंदिरानगर, नाशिक
९ नोव्हेंबर २००२

चि. स्नेहल हिस,

आशीर्वाद.

तुला दोन महिने झाले. दोन. मी पस्तीस वर्षं पाठी चोळल्या. ज्या मेट्रनच्या हाताखाली मी शिकले तिच्या वॉर्डात कुणाच्या पाठीवर जखम झाली तर त्या नर्सला सगळ्यांपुढे उभं करायची, आणि तिने आम्हाला स्पिरिट, पावडर, रिंग हे या क्रमाने शिकवलं. मीही तसंच शिकवलं, परीक्षेला विचारलं, उत्तर चुकलं तर नापास केलं.

आता अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर आणि काढून टाकलेली प्रोग्रामरबाई मला पाठ सांभाळायला शिकवणार! ललित आणि तुम्ही यांच्यात फरक एवढाच, की त्याची बाई प्लॅस्टिकची आहे आणि तुमची इंग्रजी बोलते.

दिवाळीचा फराळ पाठवणार होते. पाठवला नाही.

मोहिनीमावशी


डेटन
३० नोव्हेंबर २००२

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. फराळ नको. मला काय म्हणायचं ते म्हण, ललितची बहीण म्हण. पण रिंग काढ. मावशी, मी पाया पडते.

स्नेहल


गंगापूर रोड, नाशिक
१४ जानेवारी २००३

चि. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल. मीही आज गोडच लिहिणार आहे.

मुक्काम सध्या मनोजकडे हलवला आहे. इंदिरानगरला एकटीला कंटाळा येतो, इथे चार माणसांत बरं वाटतं. रात्री अक्काच्या खोलीतच सतरंजी टाकते. यंदा थंडी कडाक्याची आहे, पण आम्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो, मोकळी हवा चांगली. सूनबाई हौसेने उदबत्ती लावतात, एक विझली की दुसरी. घर अगदी देवळासारखं झालंय.

अक्का ठीक आहे. पूर्वी पाठ दुखते म्हणून कण्हायची, आता अजिबात दुखत नाही म्हणते. जेवण जरा कमी आहे, पण रोज दोन अंडी फेटून दुधातून घेते. ओळखीचे एक सर्जन आहेत, ते मधूनमधून सहज डोकावून जातात.

छायाने नखं कापली. मीच कापली, नेलकटर घेऊन.

द्राक्षं यंदा चांगली येणार म्हणतात. अभ्यास कर. इकडची चिंता करू नकोस.

तुझी
मोहिनीमावशी


डेटन
२९ जानेवारी २००३

ती. मावशीस,

आईने अंडं खाल्लं?

माझ्या सातव्या वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे असं कळल्यावर जिने केक शेजारच्यांना दिला आणि पातेलं चुलीवर तापवून घेतलं, ती आई रोज दोन अंडी पिते, आणि तू हे मला द्राक्षांच्या बातमीसारखं लिहितेस? मावशी, अंडी तू तिला एकाच कारणासाठी देशील. मांस भरून यायला हवं आहे म्हणून.

थंडीत खिडक्या उघड्या, दिवसभर उदबत्ती. म्हणजे वास आहे. आधी दुखत होतं आणि आता दुखत नाही. म्हणजे दुखणारं जे होतं ते मेलं आहे. सर्जन 'सहज' येत नाहीत, ते कापायला येतात. आणि तू, जी कुणाकडे दोन रात्री राहत नाहीस, ती जमिनीवर सतरंजी टाकून झोपतेस.

जखम किती खोल आहे? बोट जातं का? हाड लागतं का? मला खरं सांग.

मी तिकिटाची चौकशी केली आहे. कोर्स जाईल तर जाईल. तुला तर आनंदच होईल.

स्नेहल


गंगापूर रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी २००३

चि. स्नेहल हिस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशी म्हणून वाचलं आणि रागावले. दुसऱ्यांदा ट्यूटर म्हणून वाचलं. परीक्षेत मी असा प्रश्न घातला असता तर माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींपैकी निम्म्यांना उत्तर आलं नसतं.

बोट जातं. पहिल्या पेरापर्यंत. हाड लागत नाही. सर्जनने मेलेलं मांस दोनदा काढलं.

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं त्या दिवशी, तू पाया पडतेस म्हणून नव्हे तर तुझं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून, मी रिंग काढून पाहिली. अक्काच्या पाठीवर रिंगेचा गोल उमटला होता, पोत्यावर शिक्का मारावा तसा, काळानिळा. आणि बरोबर त्याच्या मधे कातडी फाटलेली. ती रिंग छायाने आणलेली नव्हती, लंकाबाईने नव्हती, त्या बँजोवाल्यानेही नव्हती. त्यांनी तुझ्या आईला दोन महिने हलवलं नाही, हे खरं. पण लालीवर चोळलं मी. ललितला शिव्या देऊन मी जिन्यात मळमळत उभी होते ना? तशी मळमळ मला आता स्वतःच्या तळहाताकडे बघून येते. पस्तीस वर्षं आपण हे का करतो असं मी कुणाला विचारलं नाही, आणि ज्या मुलीने विचारलं असतं तिला मी उद्धट म्हणून वर्गाबाहेर काढलं असतं.

रिंग मी सुरीने कापून कचऱ्यात टाकली. सूनबाई घाबरल्या.

आता ऐक. तू यायचं नाहीस. तू येऊन काय करशील? रडशील. ते काम मनोज करतो आहे, चांगलं करतो. दोन दिवस चुकले तर तुझं नाव कापतात, मग तू ना इकडची ना तिकडची. अर्धवट नर्सा आमच्या गावात पुष्कळ आहेत, तुझी भर नको.

इथे मला एक धड माणूस हवं होतं. माझी मनगटं आता अक्काचं वजन पेलत नाहीत. छायाची टोपी मी काढून खुंटीला लावली आणि सांगितलं, 'कूस वळवता येईल तेव्हा परत घाल.' ती फणकारली, 'मॅडम, सरांनी आम्हाला दुबईला पाठवायचं कबूल केलंय. हे घाणीचं काम करायला मी साडीचं दुकान सोडलं का?' मी म्हटलं, 'हेच काम आहे. बाकी सगळं त्या टोपीचं कौतुक.' दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, आणि लंकाबाईशी भांडत भांडत वळवायला लागली. 'तू खांदा धर ना गं!' 'तू आधी कंबर धर, शिष्टर झालीय मोठी!' अक्का त्या दोघींच्या मधे डोळे मिटून असते. परवा मात्र हसली.

पुढच्या पत्रापासून मी फक्त जखमेचं माप लिहीन. तू उलट मापाने मला जाब विचार. आणि तुमच्या बाई चोळण्याऐवजी नेमकं काय काय करायला सांगतात ते सविस्तर लिही. मला डोकं आहे, शिकेन.

तुझी
मोहिनीमावशी


डेटन
२ मार्च २००३

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तिकीट काढलं नाही. सोबत सात पानं लिहिली आहेत, मिठाच्या पाण्याचं ड्रेसिंग, उशा कशा लावायच्या, सगळं. मी काल वॉर्डात तुझ्यापेक्षा मोठ्या एका आजींची कूस वळवली. त्यांच्या जागी कोण होतं ते तुला सांगायला नको.

खोटं पुन्हा लिहू नकोस. मला आता वाचता येतं.

स्नेहल


इंदिरानगर, नाशिक
१८ नोव्हेंबर २००३

चि. स्नेहल हिस,

अनेक आशीर्वाद. गेले आठ महिने तुला मापांशिवाय काही लिहिलं नाही, म्हणून आज भरपूर लिहिते.

ललितने दुसरी शाखा काढली. आमच्या इंदिरानगरात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! कुंभमेळ्यात मुलींना पांढरे झगे घालून स्वयंसेवक म्हणून उभं केलं, पेपरात फोटो आले, झाला माणूस मोठा. आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणी कोण? मी. 'मॅडम, जुनं सगळं विसरा, ब्लेसिंग द्या.' मी म्हटलं, येते. छायाला आणि लंकाबाईला बरोबर नेलं, अक्काजवळ त्या दुपारी सूनबाई बसल्या. त्यांनाही वळवायला शिकवलं आहे.

स्टेजवर खाट. खाटेवर तीच प्लॅस्टिकची बाई, उद्घाटनाची म्हणून नवीन पैठणी नेसवलेली. नगरसेवक, हार, समोर चाळीसेक मुली आणि बाया. कुणी शिक्षिका होती, कुणी पार्लरवाली, कुणी बिस्किटाच्या कारखान्यातून काढलेली. सगळ्यांच्या तोंडावर ती आशा. तिचाच जास्त राग येतो. त्यांना नर्स व्हायचं आहे यात वाईट काय आहे? वाईट ते, जे त्यांना विकलं जातं.

माझं नाव पुकारलं. मी माइकवर म्हटलं, 'भाषण नाही, प्रात्यक्षिक. ललितराव, या बाईंना उठवा आणि तुम्ही झोपा.'

टाळ्या. त्याला वाटलं गंमत आहे. सूटबूट घालून झोपला. मी टेबलावरचा तांब्या घेऊन चादरीवर त्याच्या पाठीखाली ओतला.

'अहो मॅडम!'

'बोलायचं नाही. पक्षाघात झालाय तुम्हाला. दोन तास हलायचं नाही, खाजवायचं नाही. मुली बघताहेत.'

पहिल्यांदा हसत होता. मग हसू गेलं. नाकावर माशी बसली, गाल उडवून पाहिला. नगरसेवकांचा चहा यायच्या आत तो म्हणाला, 'मॅडम, बास, पाठीला रग लागली.'

मी म्हटलं, 'माझ्या बहिणीला दोन महिने लागली होती. तुमच्या शिकवणुकीमुळे.' मग मुलींना विचारलं, 'यांना कुशीवर कोण वळवून देईल?'

पहिल्या शाखेतून पास झालेल्या बारा जणी पुढच्याच रांगेत होत्या, टोप्या घालून. एकही उठली नाही. छाया उठली. चप्पल काढली, वर गेली, एक हात त्याच्या खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि एका दमात त्याला पडद्याकडे तोंड करून ठेवला. त्याची ओली पाठ लोकांकडे.

'सर,' ती म्हणाली, 'आता दिसली बघा पाठ.'

लंकाबाई खालून ओरडली, 'उशी दे गं त्यांना, उशी इसरली!'

माझं भाषण तेवढंच.

आता शेवट ऐक, म्हणजे तुझंही रक्त उकळेल. शाळा बंद पडली नाही. तीन बायांनी नाव काढून घेतलं, बस. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'ज्येष्ठ परिचारिकेचे अनोखे प्रात्यक्षिक', आणि ललितने तो कापून मोठा करून दारात लावला आहे. खाटेवर तो, शेजारी मी. शेवटी माझा फोटो त्याने मिळवलाच. मी रोज त्या रस्त्याने दूध आणायला जाते आणि रोज तोंड फिरवते.

मात्र गेल्या आठवड्यात त्या बारा जणींपैकी चार जणी माझ्या दारात आल्या. टोप्या पिशवीत घालून. मी त्यांना माझ्या खाटेवर एकेकीला निजवलं, खाली ओली चादर. हे नाटक नव्हे. तुमच्या बाईंना सांग, मी माझा शब्द मागे घेतला आहे.

जखम भरली, म्हणून मी घरी परतले, दिवसा अक्काकडे जाऊन येते. शेवटचं माप देण्यासारखं काही उरलं नाही. त्या जागी नवी कातडी आली आहे, पातळ, गुलाबी, लहान मुलाच्या तळव्यासारखी. अक्का आता डाव्या हाताने माझं मनगट धरते आणि कूस वळवायची वेळ झाली की स्वतः सांगते. काल शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई तिला भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? अक्काने बराच वेळ घेतला, जीभ वळत नव्हती, पण म्हणाली. 'माझी बहीण. नर्स.'

तू डिसेंबरात परीक्षा देऊन येणार असं मनोज म्हणाला. पंधरा महिने मला अजूनही कमी वाटतात, ते वाटणारच. म्हणून आल्या दिवशी, चहाच्याही आधी, अक्काला कुशीवर तू करायचं. मी खुर्ची घेऊन समोर बसणार आहे, छाया आणि लंकाबाई दारात उभ्या राहणार आहेत, आणि चुकलीस तर आम्ही तिघी सांगणार आहोत.

आणि जवळजवळ नको. पूर्ण कापून ये नखं.

तुझी
मोहिनीमावशी